भाबीचा बांध

मकसूद मुंबईहून कायमचा परत आला तेव्हा १९३० साल संपत आलं होतं. दहा वर्षं तो लाकडाच्या एका ठेकेदाराकडे मुकादम होता. खाडीकाठची तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, विकत घ्यायची, तोडायची, ओंडके मचव्यात भरून मुंबईच्या पावभट्ट्यांना पोचवायचे, हा धंदा. पुढे ठेकेदार वारला, त्याची मुलं कोळशाच्या व्यापारात शिरली आणि मकसूद आपलं बोचकं उचलून घरी आला.

घर आगरदांड्याच्या वर, खाडीचा एक फाटा डावीकडे वळतो तिथल्या वाडीत. परतल्यावर दुसऱ्याच दिवशी तो काठावर गेला आणि बराच वेळ तिथे उभा राहिला. लहानपणी इथून होडी न्यायची तर डोकं खाली घालावं लागे, दोन्ही बाजूंच्या फांद्या वर एकमेकींना भिडलेल्या असत. आता नजर जाईल तिकडे उघडा चिखल होता आणि त्यात काळे पडलेले बुंधे. एकही बगळा दिसत नव्हता. हे सगळं त्याने तोडून नेलं होतं. कुऱ्हाड त्याच्या हातात नव्हती, पण कुठलं झाड कधी पडलं ते तो सांगू शकला असता, इतका तो तिथे जातीने हजर होता.

फक्त एका ठिकाणी हिरवं दिसत होतं. ते वाडीतल्या बुधाजीचं खाजण. खाजण म्हणजे भरतीच्या पाण्यातली जमीन. कोणी तिला बांध घालून भात करतो, कोणी तशीच ठेवतो. बुधाजीचा बांध दोन वर्षांपूर्वी उधाणात फुटला होता आणि तो परत घालायची त्याला ताकद नव्हती. म्हणून भरती आत येत राहिली, पाण्याबरोबर तिवराचं बी आलं आणि आपोआप रुजलं.

"म्या काय केला न्हाय," बुधाजी म्हणाला. "आळशी मानूस मी. पन बोय मासा परत आलाय, त्या बघा निवट्या उड्या मारतात. भातात काय मिळत व्हता यापरीस?"

दुसऱ्या दिवसापासून मकसूद फावडं घेऊन बुधाजीच्या खाजणात जाऊ लागला. पाण्याच्या वाटा गाळाने बुजल्या होत्या, त्या मोकळ्या केल्या. गुरं आत शिरून कोवळी पालवी खात होती, तिथे काट्याचं कुंपण घातलं. कोणी सांगितलं नव्हतं आणि तो काही मागतही नव्हता. पुढच्या पावसाळ्यात बुधाजीच्या शेजारचे दोघे त्याच्याकडे आले. त्यांची भातशेती खारवून गेली होती. "आमच्याबी जमिनीत पानी घेऊन बघू," ते म्हणाले. मकसूदने त्यांचे बांध कुठे कापायचे ते दाखवलं, स्वतः कापले. लोक म्हणू लागले, मुंबईने माणूस शहाणा करून पाठवला. असं कोणी म्हटलं की मकसूद खाली बघून काम करत राही.

पण त्या दोघांच्या जमिनीत काही रुजेना. ती जमीन बुधाजीच्या खाजणापेक्षा उंचावर होती, भरतीचं पाणी तिथवर पुरेसं पोचतच नव्हतं. कारण सगळ्यांना दिसत होतं. फाट्याच्या तोंडाशीच अमिरुन्निसाभाबीचं चाळीस बिघ्यांचं खाजण होतं आणि त्याच्या बांधाने फाट्याचं तोंड आवळून धरलं होतं. त्या बांधाच्या आत काहीच पिकत नव्हतं. सुरुवातीची पाच वर्षं भात झाला, मग मीठ वर आलं. आता उन्हाळ्यात तिथे पांढरी खपली धरे. तरी भाबी दर वर्षी माणसं लावून बांधाची डागडुजी करून घेत. कशासाठी ते कोणाला कळत नव्हतं.

"मकसूदभाय, ती तुमची भाबी," बुधाजी म्हणाला. "तुमचा शबूद मानंल ती. यवढा बांध फोडाया सांगा. सगळा फाटा जिता व्हईल."

मकसूद फावड्याचा चिखल काढत राहिला. भाबी तो बांध का राखतात ते त्याला माहीत होतं.

अमिरुन्निसा ही त्याच्या चुलतभावाची, हमदुल्लाची बायको. हमदुल्ला आगबोटीवर खलाशी होता, बसऱ्याजवळ तापाने गेला. मागे राहिली भाबी आणि एकुलती एक मुलगी, हुस्नबानू. ती मुलगी घरात टिकतच नसे. खाजणाच्या कडेला जनी नावाच्या कोळणीची झोपडी होती. जनी चिंबोऱ्या पकडायला तिवरात शिरली की हुस्नबानू तिच्यामागे. बगळ्यांची घरटी कुठे, पाणमांजराचं बीळ कुठे, कोल्हीण पिल्लं घेऊन कुठे बसते, सगळं तिला ठाऊक. घरी येऊन आईला सांगे आणि आई तिचे चिखलाचे पाय धूत ऐके.

१९२० च्या भादव्यात तापाची साथ आली. अकरा वर्षांची हुस्नबानू चार दिवसांत गेली.

ठेकेदाराचा डोळा आधीपासून भाबीच्या तिवरांवर होता. फाट्यातली सगळ्यांत दाट, सगळ्यांत जुनी झाडं तीच. "हे खाजण मिळवून दे, मुकादमी तुझी," त्याने मकसूदला सांगितलं होतं. मकसूदने दोनदा विचारलं होतं. भाबी दोन्ही वेळा नको म्हणाल्या होत्या, माझी पोर तिथे खेळते म्हणून.

पोर गेली. चाळिसाव्या दिवसाच्या फातिहाला मकसूद त्यांच्या घरी गेला. जेवण झाल्यावर भाबी पडद्याआड बसून रडत होत्या आणि तो ओट्यावर बसून पान लावत होता. पानाला चुना लावता लावता तो म्हणाला, "भाबी, मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टरला मी विचारलं. तो म्हणाला, असा ताप तिवरातल्या कुजक्या वाफेतून येतो. जो त्यात हिंडेल त्याला धरतो."

आतलं रडणं थांबलं.

"म्हणजे तिवरात गेली म्हणून?"

"डॉक्टर तसं म्हणाला."

डॉक्टर कोणीच नव्हता. त्या वर्षी ताप पार आत पाली गावापर्यंत होता, जिथे तिवराचं पानही कोणी बघितलेलं नाही, हे मकसूदला चांगलं ठाऊक होतं. आठ दिवसांत भाबींनी स्वतः निरोप धाडला: एकही झाड ठेवू नकोस. मग तिथे बांध घाल, खारं पाणी परत आत येता कामा नये. आणि जनीला त्यांनी सगळ्या वाडीसमोर सांगितलं, "माझ्या पोरीला तू मरणात नेलंस. माझ्या जमिनीवरून ऊठ." जनी झोपडी मोडून दिघीला गेली, ती परत आली नाही.

मकसूदला मुकादमी मिळाली.

आता बारा वर्षांनी तो त्या ओट्यावर परत गेला. भाबी म्हाताऱ्या दिसत होत्या, पण त्याला बघून त्यांचा चेहरा उजळला. चहा आला, नारळाची वडी आली. त्याने पक्ष्यांविषयी सुरुवात केली, मग माशांविषयी, मग मिठाने गेलेल्या जमिनीविषयी. "पाणी आत घेतलं तर मासळी येईल भाबी, आणि बाकीच्यांचंही भलं होईल."

"तू असं म्हणतोस?" त्यांना नवल वाटलं. "तूच मला सांगितलंस ना ती जागा कसली आहे ते? आपलं म्हणून तू एकट्यानेच खरं सांगितलंस. दर नमाजानंतर तुझ्यासाठी दुवा मागते मी. तिथे परत ते रान उगवू द्यायचं, कोणाच्या तरी पोरीने त्यात जायचं... नाही मकसूद."

हातातली वडी त्याने परत बशीत ठेवली. तो उठून आला.

पंधरा दिवसांनी परत गेला. या वेळी बुधाजीला बरोबर घेतलं, म्हणजे आपल्याला ते बोलावंच लागणार नाही. बुधाजीने आपली बोय मासळी टोपलीत घालून दाखवायला आणली होती. भाबींनी मासळी घेतली, बुधाजीच्या मुलाबाळांची चौकशी केली आणि बांधाचं नाव निघताच आत गेल्या. परतताना बुधाजी म्हणाला, "पोरीचा दुख्ख हाय. त्याला औसद न्हाय."

"आहे," मकसूद म्हणाला. बुधाजीने त्याच्याकडे बघितलं, पण मकसूद पुढे चालू लागला.

घरी त्याला जेवण जाईना. बायको विचारी, पोटात दुखतं का. तो हो म्हणे. त्याने स्वतःची खूप समजूत घातली. तेव्हा आपण पंचविशीत होतो. आपण नाही तर दुसरा कोणी ती झाडं नेलीच असती. भाबींना कोणाला तरी दोष द्यायचाच होता, आपण नुसतं बोट दाखवलं. पण शेवटी त्याला चुना लावणारा आपला हात दिसे आणि सगळं तिथेच संपे.

माघात भाबी बांधावर आल्या होत्या. दोन गडी खचलेल्या जागी दगड बसवत होते. मकसूद गेला, गड्यांना म्हणाला, "जरा सावलीत बसा." ते गेल्यावर तो भाबींच्या समोर चिखलातच बसला.

"उठ, कपडे खराब होतील," भाबी म्हणाल्या.

"भाबी, तो डॉक्टर..."

"कोणता डॉक्टर?"

"मी चाळिसाव्याला सांगितलं होतं तो. तसा कोणी डॉक्टर नव्हता. मी कोणालाच विचारलं नव्हतं. मला झाडं हवी होती, म्हणून बोललो. हुस्नबानूला साथीचा ताप आला होता, भाबी. घराघरात आला होता. तिवराचा काही संबंध नव्हता."

 भाबींच्या हातात काठी होती, तिचं टोक त्यांनी मातीत रुतवलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवले. मग म्हणाल्या, "मी तिला एकदा मारलं होतं. तिवरातून उशिरा आली म्हणून. नंतर वाटायचं, आणखी मारायला हवं होतं. पाय मोडून घरात बसवायला हवं होतं. बारा वर्षं मला हे वाटत राहिलं, मकसूद. मी तिला जाऊ दिलं म्हणून ती गेली."

"भाबी, मला माफ..."

"गप्प बस." त्यांचा आवाज चढला नाही. "आणि जनी?"

 भाबी बांधावरून एकट्याच घराकडे चालू लागल्या. गड्यांनी विचारलं, "दगड बसवायचे का?" त्यांना ते ऐकूच गेलं नाही.

अकरा दिवस भाबींचं दार बंद होतं. बाराव्या दिवशी मोलकरीण येऊन म्हणाली, बोलावलंय. मकसूद गेला तर ओट्यावर बसायला चटई नव्हती. तो उभाच राहिला. भाबी दारात बसल्या होत्या.

"माझ्याकडे माफी मागायची नाही," त्या म्हणाल्या. "ती माझ्याजवळ आत्ता नाही. पुढे होईल की नाही ते अल्ला जाणे. तू दिघीला जा. जनी असेल तर तिला मला सांगितलंस तसं सांग, एक शब्द न चोरता. आणि तिला सांग की अमिरुन्निसा बोलावते आहे. ती आली तर बांध ती म्हणेल तिथे फोडायचा. नाही आली तर तसाच राहील."

आगरदांड्याच्या धक्क्यावरून दिघीची तर, म्हणजे खाडी ओलांडणारी होडी, सकाळी सुटते. त्या तरीत मकसूद टोकाला बसला. ओळखीचे लोक हाका मारत होते, तो पाण्याकडे बघत राहिला. जनी जिवंत असेल का, आणि नसली तर बरं, असंही एकदा मनात आलं. आलं म्हणून त्याला स्वतःचीच किळस आली.

जनी जिवंत होती. वाळत घातलेल्या बोंबलांखाली बसून जाळं सांधत होती. केस पांढरे झाले होते, हात तसेच होते, रुंद आणि चिरा पडलेले.

"मकसूदभाय?" तिने ओळखलं. "बसा. पानी देऊ?"

त्याने पाणी घेतलं नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. डॉक्टर नव्हता हे सांगितलं, मुकादमीचं सांगितलं. जनी ऐकत होती आणि जाळ्याची गाठ मारत होती. मग गाठ मारायची थांबली.

"म्हंजे मी न्हाय?" ती म्हणाली.

"नाही."

"मी न्हाय मारली तिला?"

"नाही, जनी."

जनीने आपले दोन्ही हात समोर धरले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. "या हातानं धरून न्हेत व्हते मी तिला. चिखलात पाय रुतायचा तिचा. त्या दिवसापासून कोनाचा पोर मी हातात घेतला न्हाय. माज्या लेकीला पोर झाला, तोबी न्हाय घेतला. म्हनलं माजा हात वाईट हाय."  मग ती एकदम उठली, मासळीची रिकामी टोपली उचलून तिने मकसूदच्या छातीवर हाणली. तो हलला नाही. तिने परत हाणली. शेजारच्या बायका धावत आल्या, काय झालं विचारू लागल्या.  जनी टोपली टाकून झोपडीत गेली.

मकसूद दुपारपर्यंत बाहेर उभा होता. शेवटी ती दारात आली.

"मी येन," ती म्हणाली. "तुज्यासाठी न्हाय. तिच्यासाठी. आन त्या पोरीसाठी."

आधी ती त्याला 'तुमी' म्हणत असे. आता 'तू' म्हणाली आणि पुढे कायम तसंच म्हणत राहिली.

चार दिवसांनी जनी आली. भाबी ओट्यावरून उतरून अंगणाच्या टोकापर्यंत गेल्या. मकसूद लांब, नारळीखाली थांबला होता. त्याला दोघी बोलताना दिसल्या. मग भाबींनी जनीचे हात धरले आणि आपल्या डोक्यावर ठेवले. काय बोलणं झालं ते त्याला कोणी सांगितलं नाही, त्याने विचारलंही नाही.

बांध अमावास्येच्या उधाणाआधी फोडायचं ठरलं. बुधाजीने आणि इतरांनी कुदळी आणल्या. मकसूदने उघाडीपाशी खूण केली होती. उघाडी म्हणजे बांधातली लाकडी झडप, ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडणारी. तिथे बांध अरुंद होता, फोडायला सोपा. जनीने मान हलवली.

"इथनं फोडलास तं पानी धावत येईल आन धावत जाईल, बी टिकनार न्हाय. जुना पान्याचा रस्ता तो बघ, त्या वाकड्या बुंध्याजवल. तिथं फोड. पानी आपल्या पायानं चालत येईल."

वाकड्या बुंध्याजवळ बांध सगळ्यांत रुंद होता. दोन दिवस खणावं लागलं. मकसूदने पहिली कुदळ मारली आणि शेवटचीही त्यानेच. हाताला फोड आले, फुटले. बुधाजी म्हणाला, "जरा बसा." तो बसला नाही. पाणी आलं तेव्हा दुपारची वेळ होती. आधी एक काळी रेघ, मग वीतभर, मग खपली धरलेल्या पांढऱ्या जमिनीवर ते पसरत गेलं आणि जमीन सगळीकडे बुडबुड करू लागली. माणसं ओरडली. भाबी तिथे नव्हत्या. त्या घरी कुराण वाचत बसल्या होत्या.

पहिल्या वर्षी काहीच झालं नाही. नुसता घाण वास. वाडीतले लोक कुरकुरू लागले की चांगला बांध घालवला. दुसऱ्या पावसाळ्यात बी वाहत आलं आणि जुन्या वाटांच्या कडेने बोटभर रोपं उभी राहिली. जनीने खाडीच्या वरच्या अंगाला उरलेल्या कांदळाच्या, तिवराच्या भावकीतल्याच झाडाच्या, लांब शेंगा गोळा करून आणल्या आणि जिथे चिखल मऊ होता तिथे एकेक टोचली. मकसूद टोपली धरून मागून चाले. तिसऱ्या वर्षी रोपं गुडघ्याला लागली. बुधाजीच्या शेजाऱ्यांच्या जमिनीतही भरती पोचली. चिंबोऱ्या आल्या, त्यांच्यामागे ढोकऱ्या आणि खंड्या पक्षी. १९३६ च्या पावसाळ्यात बुधाजीच्या जुन्या तिवरावर बगळ्यांनी घरटी केली.

त्याच साली चौलहून एक बागाईतदार आला. नाव सिराजुद्दीन. त्याचं रेवदंड्याच्या खाडीवर खाजण होतं, तसंच मिठाने मेलेलं. भाबींनी त्याचं ऐकून घेतलं आणि मकसूदला बोलावलं.

"याच्याबरोबर जा. काय करायचं ते दाखव. पण आधी तू काय केलं होतंस ते सांगायचं. याला, आणि यापुढे ज्याच्या जमिनीत पाय ठेवशील त्या प्रत्येकाला. तो नको म्हणाला तर परत ये."

चौलला सिराजुद्दीनच्या सुपारीच्या बागेत, त्याच्या घरच्या चार माणसांसमोर, मकसूदने सांगितलं.  त्याला वाटलं होतं, एव्हाना हे सोपं झालं असेल. तसं झालं नव्हतं. सिराजुद्दीनच्या म्हाताऱ्या आईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि ती उठून आत गेली. 

"असल्या माणसाचं मी का ऐकू?" सिराजुद्दीन म्हणाला.

"माझं ऐकू नका," मकसूद म्हणाला. "खाजणावर चला. पाणी कुठून यायचं ते जमिनीवर दिसतं."

ते गेले. दोन दिवस मकसूदने तिथे चिखल तुडवला, पाण्याच्या जुन्या वाटा शोधून काठ्या रोवल्या. त्याला जेवण मिळालं, पण वेगळं, गड्यांच्या पंगतीत. तिसऱ्या दिवशी सिराजुद्दीनने बांध कापायला माणसं लावली. निघताना मकसूदला त्याने सलाम केला नाही.

परत आल्यावर मकसूद आधी भाबींकडे गेला. त्या आणि जनी ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्याने सगळं सांगितलं, म्हाताऱ्या आईचंही. भाबींनी ऐकलं.

"सगळं सांगितलंस?"

"सगळं."

"हुस्नबानूचं नाव घेतलंस?"

"घेतलं."

भाबींनी सूप हलवलं, खडा काढून टाकला. "बरं," त्या म्हणाल्या. मग जराशाने, त्याच्याकडे न बघता, "कुंपण पडलंय वरच्या बाजूला. म्हशी शिरल्यात. बघ जरा."

मकसूदने कोयता घेतला आणि तो खाजणाकडे गेला.